शाल, श्रीफळ आणि स्केलेटन

हसणार नाही असे आधी कबूल करा, तरच सांगते. कबूल? मग ओठ का मुडपता आहात? मागच्या बाकावरचे हसू मला फळ्याकडे तोंड असतानाही दिसत असे. तुम्ही तर समोर बसला आहात. असो. चहा ओता, माझ्या कपात साखर नको, आणि ऐका. माझ्या हातून असा काही घोटाळा झाला आहे की, शारजातल्या आमच्या इमारतीत लिफ्टचे दार उघडले की लोक आधी माझ्याकडे पाहतात आणि मग एकमेकांकडे.

विषय आहे स्केलेटन. नाही, शरीरशास्त्र नव्हे. तो एक हिवाळी खेळ आहे. ठेंगण्या, अरुंद घसरगाडीवर पालथे झोपायचे, डोके पुढे, पाय मागे, आणि बर्फाच्या वळणावळणाच्या नळीतून वाऱ्यासारखे खाली जायचे. गाडीला ब्रेक नाही. सुकाणू नाही. हनुवटी बर्फापासून चार बोटांवर. परदेशात शिकलीसवरलेली माणसे हे आपण होऊन करतात, आणि त्याबद्दल त्यांना पदकेही देतात!

आता तुम्ही विचाराल, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि राहते संयुक्त अरब अमिरातीत, जिथे दुपारी मोटारीच्या दाराला हात लावायचा तर हाताला पदर गुंडाळावा लागतो. तिचा आणि या खेळाचा संबंध काय? तेच तर सांगते आहे. मध्ये बोलू नका.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे शारजात, अल मजाज भागात आले. घर सुरेख. खिडकीतून खालिद लगून दिसते, संध्याकाळी पाण्यावर दिवे चमकतात. पण त्या घरात मला सुधारण्यासारखे काही उरलेच नव्हते! भांडी यंत्र घासते. कपडे यंत्र धुते. केर काढायला एक गोल तबकडी आहे, ती आपली आपण घरभर फिरते. मी तिच्या मागोमाग फिरत असे आणि तिने कोपरा सोडला की पायाने तिला परत वळवीत असे. सून म्हणे, "आई, तिचं तिला करू द्या ना." करू द्या म्हणजे काय? कोपरा तसाच राहू द्यायचा?

मला बसवतच नसे. उशा सरळ कर, पुन्हा सरळ कर, लगूनच्या कडेने फेरी मार, परत येऊन त्याच उशा सरळ कर. सगळ्यांत जास्त कासावीस झाली होती ती माझी ही तर्जनी. शाळेत मी ती उचलली की सबंध वर्ग गप्प होई. इथे उचलली की फक्त लिफ्ट थांबे.

अशा मनःस्थितीत असताना एका शनिवारी मुलाने जाहीर केले, "आई, आज बर्फ!"

दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फाचा मोठा हॉल आहे. बाहेर डांबर वितळते आहे आणि आत माणसे कानटोप्या घालून कुडकुडताहेत! ते लोक एक जाड अंगरखा आणि बूट भाड्याने देतात. साडीवर मी तो अंगरखा चढवला, तेव्हा माझी नात ईरा म्हणाली, "आजी, यू लुक लाइक अ स्लीपिंग बॅग." ईरा सातवीत आहे. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि समोरची हळूहळू सुधारेल अशी आशा आम्ही दोघीही बाळगून आहोत.

तिथे लहान मुलांसाठी एक बेताचा उतार होता. उताराच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या घसरगाड्या ओळीने मांडलेल्या. ओळीने म्हणते खरी, पण शेवटची गाडी वाकडी होती. कुणीतरी ती तशीच टाकून गेले होते; नाक उताराकडे, शेपूट तिरके, सबंध ओळीचा बेरंग! मी दुसरीकडे पाहिले. छताकडे पाहिले. पुन्हा गाडीकडे पाहिले. वाकडीच. आता खरे सांगा, तुम्हाला राहवले असते?

तुम्हाला राहवले असते. मला नाही.

मी वाकले आणि गाडीच्या कडेला हात लावला. गाडी निघाली. हात तिच्यावर होता, म्हणून मीही निघाले. सोडावे तर तोंडावर पडेन, म्हणून चार पावले तशीच वाकून धावले. मग सपाटी संपली. पुढच्या क्षणी मी गाडीवर पालथी होते, डोके पुढे, आणि अंगरख्याच्या बाह्या ढोपरापर्यंत लांब असल्यामुळे दोन्ही हात अंगालगत अडकलेले. "अगं आई गं" म्हणायचे होते, पण थंडीने दातखीळ बसली होती. मी सरळ रेषेत खाली गेले आणि भुसभुशीत बर्फाच्या ढिगात जाऊन थांबले. खाली उभ्या असलेल्या ईराने फोटो काढला.

"आजी! ओ माय गॉड, यू फेल!"

"पडले नाही. घसरले," मी पदर झटकत म्हणाले. "आणि पाहिलंस ना, किती सरळ?"

इथेच हा विषय मिटायला हवा होता. पण फोटो घरच्या ग्रुपवर गेला. सुनेने तो आपल्या स्टेटसवर ठेवला. तिथून तो समोरच्या फ्लॅटमधल्या सुलभाताई पाध्यांनी उचलला. सुलभाताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. आयुष्यभर खातेदारांच्या सह्या जुळतात की नाही हे तपासल्यामुळे त्यांची नजर अजूनही कुणाच्याही चेहऱ्यावर तशीच जाते. त्यांनी फोटो आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, "आपल्या बाई पाहिल्या का?"

रात्रीच्या जेवणाआधी मंडळाचे कार्यवाह कारखानीस यांचा फोन. दुबईत देराला त्यांची कचेरी आहे. माझ्याविषयी त्यांना आदरयुक्त भीती वाटते. तिचे कारण सांगून ठेवते, पुढे लागेल. गणेशोत्सवात त्यांनी एका पाहुण्यांचे सत्काराचे श्रीफळ खुर्चीखाली, त्यांच्या पायांशी ठेवले होते. मी भर सभेत उठून सांगितले होते, "कारखानीस, सत्काराचं श्रीफळ जमिनीवर ठेवत नाहीत आणि परस्पर दुसऱ्याच्या हातातही देत नाहीत. ज्याला दिलं, त्यानं ते सन्मानानं घरी न्यायचं असतं." तेव्हापासून ते फोनवरही माझ्याशी उभे राहून बोलतात असे त्यांची बायको सांगते.

"बाई, हे तर स्केलेटन!" ते ओरडले. मग त्यांनी मला तो खेळ समजावून सांगितला. "काय तुमची पोझिशन! हात अंगाला, मान खाली, पाय जुळलेले. टीव्हीवर पाहतो ना मी, फर्स्ट टाइमरला हे जमतच नाही. किती वर्षं करताय?"

"अहो, कसलं काय," मी म्हणाले.

"बघा! याला म्हणतात विनय!"

मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले. शपथेवर सांगते, उघडले होते. पण तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "बाई, हिवाळी क्रीडादिनाला दर वर्षी आपलं लिंबू-चमचा आणि संगीत-खुर्ची. लोक बोअर झालेत हो! यंदा हेच घेऊ. हॉलवाल्यांशी मी बोलतो, सकाळचा एक तास स्लोप बुक करून टाकू. तुम्ही फक्त नवशिक्यांना मार्गदर्शन करायचं."

मार्गदर्शन!

तुम्ही कधी निवृत्त शिक्षिकेच्या कानात हा शब्द उच्चारून पाहिला आहे का? पाहू नका. मी उघडलेले तोंड मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाले, "वेळेवर यायला सांगा सगळ्यांना."

मग मी अभ्यासाला लागले. जगभरच्या स्पर्धांच्या चित्रफिती पाहिल्या, थांबवून पाहिल्या, उलट्या फिरवून पाहिल्या. खेळाडू एका हाताने गाडी धरून वाकून धावतात, मग तिच्यावर अलगद पडतात. अलगद, कारण आदळले की गाडी बिथरते. मग हात अंगाशी, खांदे सैल, डोके खाली आणि डोळे वर. वळायचे असेल तर खांद्याने किंवा गुडघ्याने किंचित दाबायचे, बस्स. घाबरून शरीर ताठ केले की गाडी आडवी जाते. मला हा खेळ फार आवडला. आदिपासून अंतापर्यंत शिस्त! आणि खेळणाऱ्याला मध्येच उठून बाहेर जाता येत नाही.

वर्ग भरवायचा कुठे? हा प्रश्न सलीम परकार यांनी सोडवला. ते मूळचे रत्नागिरीचे, मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार करतात, आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क या उद्योगवसाहतीत त्यांचे गोदाम आहे. गोदामात माल चढवायचा उतार आहे, आणि मेकॅनिक मोटारीखाली शिरण्यासाठी वापरतात त्या चाकांच्या फळ्याही आहेत. फळीवर पालथे झोपायचे आणि उतारावरून खाली यायचे. बर्फ नसला म्हणून काय झाले? पाया पक्का झाला पाहिजे.

पहिल्या शनिवारी मी गोदामात शिरले आणि ती सगळी मोठाली माणसे, कुणी मॅनेजर, कुणी ऑडिटर, उठून उभी राहिली! "नमस्ते बाई," असे एका सुरात म्हणाली. किती दिवसांनी कुणी माझ्यासाठी उठून उभे राहिले होते. घरात ती तबकडीसुद्धा मला वळसा घालून जाते. त्याच क्षणी मी मनाशी ठरवले की, काहीही झाले तरी हा वर्ग हातचा जाऊ द्यायचा नाही.

"कारखानीस, मान खाली!"

"बाई, मान खाली घातली तर पुढचं दिसत नाही."

"पुढचं पाहायला देवानं डोळे दिले आहेत. मान दिलेली नाही."

"बाई, हनुवटी खाली नेली की माझी दाढी घासतेय हो फळीला!" सलीमभाई उतारावरून ओरडले.

"दाढी तुम्ही ठेवली आहे, परकार. त्याचं नियमाला काय?"

"यल्ला, चला, मग नियमालाच दाढी फुटू दे," असे म्हणत ते खाली गेले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत शिरले. खोक्यांतून आवाज आला, "बाई, खांदे सैल होते ना?"

"खांदे सैल होते. अक्कलही सैल होती. पुन्हा वर या."

असा वर्ग रंगला होता! कामगार चहाचे पेले घेऊन कडेला उभे राहून पाहत होते. ईरा एका पेटीवर बसून मोबाइलमध्ये डोके घालून होती; पण अधूनमधून ती माझ्याकडे पाही आणि तिची एक भुवई वर जाई. ती भुवई माझ्याच घराण्यातली आहे. मला तिची भाषा कळते.

आणि तेवढ्यात सुलभाताई फळीवरून उठल्या, कपड्यांवरची धूळ झटकली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही एकदा करून दाखवा ना."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"शिक्षकानं फळ्यावर लिहायचं असतं, सुलभाताई," मी म्हणाले. "विद्यार्थ्याच्या वहीत नाही."

"हो, पण आम्हाला फळा कुठे दिसतोय?"

बँकेत त्यांना चेक परत करण्याची सवय होती, तीच ही! मी ताठ उभी राहिले आणि, काय सांगू तुम्हाला, स्वतःच्या पायाने खड्ड्यात गेले. म्हणाले, "चाकांवर मी झोपत नाही. दाखवायचं तर बर्फावर दाखवीन."

"वा!" कारखानीसांनी टाळी वाजवली. "मग क्रीडादिनाचं उद्घाटनच बाईंच्या हस्ते!"

"हस्ते कशाला, पोटे म्हणा," सुलभाताई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखी वाहनांची रांग. मुलगा गाडी चालवीत होता. मागे मी आणि ईरा.

"आजी, आर यू गोइंग टू टेल देम?"

"काय सांगायचं?"

"दॅट यू फेल. द फोटो."

"कुणी विचारलं तर अवश्य सांगेन. आजवर मला कुणी विचारलं आहे का की, बाई, तुम्ही पडला होतात का?"

ईराने मोबाइल खाली ठेवला. सरळ माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "ओके. देन आय ॲम आस्किंग. आजी, डिड यू फॉल?"

मी खिडकीबाहेर पाहिले. "किती हा ट्रॅफिक," मी म्हणाले.

त्यानंतर माझी झोप उडाली. तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचे! सोपे आहे तुम्हाला म्हणणे. सांगितले की वर्ग संपला. पुन्हा त्या उशा, पुन्हा ती तबकडी. आणि नाही सांगितले तर उतारावरून जाणे आले. मी घरात येरझाऱ्या घालू लागले. बैठकीच्या खोलीत पालथी झोपून सराव करू लागले, तर तबकडी येऊन माझ्या कानाला ठोसा मारून गेली. जमेल, मी स्वतःला समजावीत होते. एकदा न ठरवता जमले, तर ठरवून का जमू नये?

क्रीडादिन उजाडला. हॉलमध्ये आमचे मंडळ, सगळे त्या जाड अंगरख्यांत. मुलांच्या बेताच्या उताराच्या तळाशी केशरी फीत ताणलेली. ती शर्यतीची अंतिम रेषा. तिथे सुलभाताई हातात स्टॉपवॉच घेऊन. सगळ्यांच्या डोक्यांवर हेल्मेट. उताराच्या डोक्यावर मी, माझी घसरगाडी, हॉलची एक फिलिपिनो कर्मचारी, ईरा आणि माझे विद्यार्थी रांगेत.

मी गाडीला हात लावणार, तेवढ्यात कारखानीस म्हणाले, "थांबा बाई! आधी सत्कार."

"सत्कार? इथे? वर?"

"वरच करू. मागे बर्फ येतो, फोटो मस्त निघतील."

आणि त्यांनी पिशवीतून शाल काढली, माझ्या खांद्यांवर घातली आणि माझ्या दोन्ही हातांत श्रीफळ ठेवले. चांगले गरगरीत, शेंडीसकट, वर हळदीकुंकवाचे बोट. टाळ्या झाल्या. त्यांनी भाषणही केले. वाळवंटात हिमशिखर वगैरे काहीतरी. माझे लक्ष नव्हते. मी हातातल्या श्रीफळाकडे पाहत होते.

आले का लक्षात? गाडी धरायला हात मोकळा हवा. आणि श्रीफळ ठेवायचे कुठे? खाली? पायाशी? मीच, भर सभेत, याच माणसाला…

"आजी, गिव्ह मी द कोकोनट," ईरा हळूच म्हणाली.

"सत्काराचं श्रीफळ परस्पर कुणाच्या हातात देत नाहीत."

"आजी. इट्स अ कोकोनट."

"तत्त्व आहे, ईरा."

कारखानीस माझ्याकडे एकटक पाहत होते. बाई आता श्रीफळ कुठे ठेवतात हे पाहण्यासाठी त्या माणसाने गणेशोत्सवापासून वाट पाहिली असावी! मी शांतपणे अंगरख्याची चेन उघडली, श्रीफळ आत पोटाशी ठेवले आणि चेन वर ओढली.

ती कर्मचारी मुलगी पुढे आली. तिने माझ्या पोटाकडे पाहिले. "मॅम, इज दॅट अ बॉल?"

"नो," मी म्हणाले. "ऑनर."

ती मागे सरली. आता माघार नव्हती. मी एका हाताने गाडी धरली, वाकले आणि धावले. धाव उत्तम झाली, हे मी आजही सांगेन. आणि मग चित्रफितीत पाहिल्याप्रमाणे मी गाडीवर अलगद पडले.

अलगद! पोटाखाली श्रीफळ असताना!

"हुक्!" असा एक आवाज निघाला. तो माझा होता. माझ्या पहिल्या धड्यातले पहिले वाक्य होते, पोट गाडीला चिकटलेले हवे. माझ्या पोटात आणि गाडीत एक अख्खा नारळ होता. मी त्याच्यावर तोलले गेले, जात्याची वरची तळी मधल्या आसावर तोलली जावी तशी, आणि तशीच फिरू लागले. गाडी सरळ चाललेली, आणि वर मी गोल! एकदा फीत दिसली, एकदा भिंत, एकदा ईरा, पुन्हा फीत. शाल सुटून तोंडावर आली. अशा अवस्थेतही, ऐकता ना, मी शालीच्या आतून ओरडत होते, "कारखानीस, रांग मोडू नका! परकार, हे असं करायचं नाही!"

तेवढ्यात चेनने दगा दिला. श्रीफळ गळ्याशी आले, हनुवटीला टक्कर देऊन बाहेर उडाले आणि माझ्यापुढे बर्फावर पडले. मी गाडीवरून कलंडले आणि उरलेला उतार डोके पुढे करून, पाठीवर, वर उभ्या असलेल्या माझ्या वर्गाकडे पाहत उतरले. सगळ्यांची तोंडे उघडी होती.

आणि श्रीफळ? ते मात्र एकदाही भरकटले नाही. शांतपणे, मधोमध, सरळ रेषेत गेले आणि केशरी फितीखालून पलीकडे जाऊन थांबले. सुलभाताईंनी स्टॉपवॉच दाबले. टाळ्या पडल्या. मग मी पोहोचले. माझ्यामागून, रिकामी, घसरगाडी.

"बाई," सुलभाताई घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "टायमिंग नारळाचं घेतलं गेलं हो. पहिला नारळ, दुसऱ्या तुम्ही, तिसरी गाडी. असंच लिहू?"

मी बर्फात बसले होते. हेल्मेट एका कानावर. सगळे धावत खाली आले, पण हसावे की विचारपूस करावी हे कुणालाच ठरवता येईना. ईरा गर्दीतून पुढे आली, माझ्याजवळ गुडघे टेकून बसली. तिने मला कुठे लागले नाही ना हे हात फिरवून पाहिले. मग ती हळूच म्हणाली, "आजी, डिड यू फॉल?"

इथे ट्रॅफिक नव्हता. खिडकीही नव्हती.

"हो," मी म्हणाले. "पडले. आणि त्या फोटोतही पडलेच होते. वर एक गाडी वाकडी होती. ती सरळ करायला गेले आणि तिच्याबरोबर खाली आले. मला या खेळातलं काहीही येत नाही."

कारखानीस म्हणाले, "म्हणजे, बाई, ती पोझिशन…"

"अंगरखा मोठा होता."

"आणि ते मान खाली, खांदे सैल…"

"इंटरनेट."

झाले, मी मनात म्हटले. खलास. संपला वर्ग. मी उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. तेव्हा सलीमभाईंनी हात दिला. मला उभे करता करता ते म्हणाले, "बाई, पुढच्या शनिवारी फळ्या काढून ठेवू ना?"

"कशाला? आत्ता पाहिलंत ना, मला येत नाही ते?"

"येतंय कुणाला इथं? मी तर तीनदा खोक्यांत गेलोय. पण तुम्ही नसलात तर हे कारखानीस मान वर करतील हो!"

"आणि फुकटची करमणूक जाईल," सुलभाताई म्हणाल्या. पण त्यांनी माझी शाल उचलून बर्फ झटकला आणि नीट घडी घातली. घडी उत्तम होती. मान्य करते.

ईरा मात्र श्रीफळ हातात घेऊन विचार करत होती. तिने ते उलटसुलट करून पाहिले, आणि मग सगळ्या वर्गासमोर उभी राहून बोलली. तिची तर्जनी वर होती. ती तर्जनीही माझ्याच घराण्यातली.

"आजी, द कोकोनट डिड एव्हरीथिंग यू टोल्ड अस. नो पॅनिक. हँड्स इन."

"नारळाला हात नसतात, ईरा."

"एक्झॅक्टली! अँड इट डिडन्ट टॉक. फर्स्ट टाइम, यू ऑल्सो डिडन्ट टॉक. टुडे यू वेअर टॉकिंग ऑल द वे." आणि मग, मला उद्देशून, चक्क मराठीत म्हणाली, "आजी, तू बोललीस की वाकडी जातेस."

सगळा वर्ग हसला. मी कुणालाही गप्प केले नाही. काय करणार, निरीक्षण अचूक होते. आणि वाक्य मराठी होते.

"पुन्हा जा," ईरा म्हणाली. "पण नो टॉकिंग."

आता शिक्षिकेला विद्यार्थिनी व्हायचे तर नीटच व्हावे. मी श्रीफळ ईराकडे दिले. हो, दिले, कारखानीसांच्या डोळ्यांदेखत दिले. मी वर गेले. वाकले, धावले, अलगद पडले. या वेळी खरोखरच अलगद. हात अंगाशी. खांदे सैल. मान खाली, डोळे वर. ओठ घट्ट मिटलेले. आणि गाडी निघाली, काय सांगू, बाणासारखी! बर्फ नाकाखालून सरसर मागे जातो आहे, कानांत वारा, मनात एक शब्द नाही. अर्धा उतार संपला. मी सरळ चालले होते. तुम्हाला सांगते, इतक्या महिन्यांत प्रथमच मला कुठे जायची, काही करायची, काही सावरायची घाई वाटत नव्हती.

आणि तेवढ्यात मला समोर ती केशरी फीत दिसली.

डावीकडे खाली, उजवीकडे वर. तिरकी!

मी तर्जनी उचलली. "कारखानीस, ती फीत जरा…"

एवढेच बोलले. कारण पुढचे वाक्य मी कडेच्या बर्फाच्या भिंतीत पूर्ण केले.

तेव्हा मंडळी, तुम्ही तरी माझ्याकडे मार्गदर्शन मागू नका, माझा अधिकार उरलेला नाही. पण एक गोष्ट राहून राहून मनात येते. नारळ त्याच उतारावरून गेला होता. त्याच फितीखालून गेला होता. त्याला तर तीन डोळे होते. म्हणजे ती तिरकी आहे हे त्यालाही दिसलेच असणार.

पण तो काही बोलला नाही.